रकाना अकरा

करगणीच्या फाट्यावर एस.टी. सोडून जाते
आणि बर्फाचा डबा मी ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेते.
आत जांभळ्या बुचांच्या रिकाम्या नळ्या.
बगलेत वही. घर क्रमांक, ओळख क्रमांक,
आणि अकराव्या रकान्यात 'गळतीचे कारण'.
गळती म्हटलं की मला गावातली टाकी दिसते,
खालून शेवाळलेली.

पहिल्या फेरीला चारशे बारा होते.
ही सहावी.

एक म्हणजे स्थलांतर.
अश्विनी साळुंखे, नवऱ्याबरोबर सेलमला, गलाईच्या दुकानात.
सासू उंबऱ्यातूनच सांगते,
"सोनं आटवत्यात तिकडं. ॲसिडचा धूर लय.
खोकती म्हणं पोरगी."
आमचा अभ्यास साखरेचा आहे.
मी लिहिते, एक.

बिरा खताळही एकच.
मेंढरं घेऊन घाट उतरला दिवाळीनंतर.
फोनवर म्हणतो, इथंच या की,
आज पाटणच्या खाली हाय, उद्याचं मेंढरांना इचारा.

दोन म्हणजे नकार.
तोंडानं 'नाही' कोण म्हणतंय इथं?
दगडू ऐवळे चहा पाजतात,
बोअरला कितव्या फुटावर पाणी लागलं ते सांगतात,
मी सुई काढली की म्हणतात, "फुडच्या बाजारला या, बाई."
तीन बाजार झाले.
चौथ्याला त्यांच्या बायकोनं गोठ्याआड नेलं मला.
धाकटीची सोयरीक बोलून ठेवलीय,
घरात साखर हाय असं कळलं तर?
मी म्हटलं, नाव गुप्त असतं.
"आन् तुमचा ह्यो डबा?
सगळ्या वस्तीला दिसतोय की दारात."

रक्त उपाशीपोटी लागतं.
मी पोचते दहाला.
सहाला डाळिंबाच्या छाटणीला गेलेली मालन जावीर
दहापर्यंत उपाशी राहिली दोन फेऱ्या.
तिसऱ्या फेरीला बांधावर भोवळ आली,
मुकादमानं अर्धा दिवस कापला.
तिची भाकरी सोडलेली होती मी गेले तेव्हा.
तिनं अर्धी माझ्यापुढे केली.
मी खाल्ली. वहीत लिहिलं, 'उपलब्ध नाही'.

केराबाई मेटकरींनी चार फेऱ्या रक्त दिलं.
पाचवीला पदराखालून हातच काढला नाही.
"दोन वर्सं नेतीस माझ्या अंगातलं.
काय निघालं त्यात?"
पुण्याला पाठवतात, मी म्हटलं,
अभ्यास संपला की कळवतील.
"गिरणीत दळण टाकलं
तर सांजच्याला पीठ तरी मिळतं, बाई."
मग थोड्या वेळानं,
"तुझ्या आधी ती शुभांगी यायची. ती कुठं गेली?"
सोडून गेली, मावशी.
"तिचं कारण लिवलंस का?"

माझी ऑर्डर मार्चपर्यंतच आहे.
सरांचा फोन येतो, वीस टक्क्यांच्या आत ठेवा,
कसंही करा, घरी चारदा जा.
चारदा गेलं की माणसं दार लावत नाहीत,
ती मागच्या दारानं रानात जातात,
आणि पोराला सांगून ठेवतात
आई नाही म्हण.
पोरगं चोख म्हणतं, "आई न्हाय म्हणून सांगितलंय."

पहिल्या फेरीत चिठ्ठीत नाव निघालं
त्यांना स्टीलचा डबा दिला होता.
जावेचं निघालं नाही, तेव्हापासून केराबाईंच्या अंगणात
दोन चुली दोन वेळांना पेटतात.
आज निघताना केराबाईंनी तो डबा आणला,
राखेनं घासून लख्ख.
"ह्यो ने. नगं आमाला."
हातात घेतला तर जड.
आत हुलगे, गळ्यापर्यंत.
भांडं रिकामं कसं धाडायचं, म्हणाल्या.

सात म्हणजे इतर, नमूद करा.
पुढे दोन बोटं रेघ.
गिरणीचं लिहून पाहिलं, बसेना.
फाट्यावर उन्हात उभी आहे.
एका खांद्याला बर्फ, त्यात तीनच नळ्या भरलेल्या,
दुसऱ्या हातात हुलगे.
दिघंचीची गाडी येते, थांबत नाही.